शुगर-फ्री गोळीने शुगर वाढते का? आणि शुगर अचानक उतरली तर?

पाचोरा स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर सकाळी पाच मिनिटं थांबा. गाडी पकडायला आलेल्या गर्दीत कुणीतरी 'भाऊ, बिनासाखरना दे' म्हणतो, खिशातून छोटी डबी काढतो आणि टिकलीएवढी गोळी चहात टाकतो. शेजारचा लगेच मोबाइल पुढे करतो, 'याने कॅन्सर होतो, डब्ल्यूएचओनेच सांगितलंय.' तिसऱ्याकडे सल्ला तयार असतो, 'त्यापेक्षा गुळाचा चहा पी.'

हाच वाद आपल्या फॅमिली ग्रुपवरही चालू असतो. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे या तिघांचं म्हणणं जरा तपासून पाहायला हवं.

आधी गोळीबद्दल. सुक्रालोज, अस्पार्टेम, सॅकरिन, स्टीव्हिया हे पदार्थ साखरेपेक्षा कित्येक पटींनी गोड असतात, म्हणून चिमूटभरही पुरतात. त्यांचं शरीरात ग्लुकोज होत नाही. त्यामुळे चहात गोळी टाकली म्हणून तासाभराने शुगर चढलेली दिसत नाही. दिसलीच, तर चहातलं दूध, सोबतचा टोस्ट किंवा पोहे यांच्याकडे आधी बघा.

मग एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, तरी खाली येते का? यावर चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनचा अभ्यास २०२४ मध्ये आला. टाइप-२ मधुमेह असलेल्या १७९ भारतीयांना त्यात घेतलं होतं. एका गटाने १२ आठवडे चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रालोज घेतलं, दुसऱ्याने साखरच चालू ठेवली. दोन्ही गटांच्या एचबीए१सीमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. सुक्रालोजवाल्यांचं वजन आणि कंबरेचा घेर किंचित कमी झाला, एवढंच.

मला यात नवल वाटत नाही. कपात दोन चमचे साखर म्हणजे साधारण १० ग्रॅम. दिवसाला चार कप धरले तर ४० ग्रॅम. हे कमी झालं तर चांगलंच. पण दोन वेळच्या पोळ्या, भाकरी, भात, खिचडी यांतून पोटात जाणारी कर्बोदकं याच्या कितीतरी पट असतात. चहात गोळी टाकायची आणि आखाजीला पुरणपोळी-आमरसाचं ताट तसंच वाढून घ्यायचं, तर गोळी बिचारी काय करणार?

आता ती फॉरवर्ड. २०२३ मध्ये दोन बातम्या दोन महिन्यांच्या अंतराने आल्या आणि लोकांच्या डोक्यात त्यांची खिचडी झाली. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलं की वजन कमी करण्यासाठी असे गोड पदार्थ वापरू नका, दीर्घकाळात उपयोग दिसत नाही. त्याच शिफारशीत लिहिलं होतं की ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही. फॉरवर्ड होता होता नेमकं हेच वाक्य गळालं. अर्थात, त्यांना वगळलं म्हणजे त्यांच्यासाठी गोळी चांगली ठरवली, असंही नाही.

जुलैमध्ये अस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' अशा २-ब गटात टाकण्यात आलं. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. पुरावा मर्यादित आहे, एवढाच या गटाचा अर्थ. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम अशी कायम ठेवली. ६० किलोच्या माणसासाठी ती २४०० मिलिग्रॅम होते. एका गोळीत १८-२० मिलिग्रॅम धरलं, तर दिवसाला शंभराहून जास्त गोळ्या.

शंका पूर्ण मिटली आहे असं मात्र नाही. इस्रायलमधल्या २०२२ च्या प्रयोगात निरोगी लोकांना दोन आठवडे सॅकरिन आणि सुक्रालोज दिल्यावर काहींच्या आतड्यांतले जिवाणू बदलले आणि ग्लुकोज हाताळण्याची क्षमता घटली. म्हणून माझं मत विचाराल तर दोन-तीन कपांपुरती गोळी ठीक आहे, पण गोडाची सवयच हळूहळू उतरवता आली तर उत्तम.

गुळाच्या चहाचं प्रकरण थोडक्यात आटोपतं. गुळात थोडी खनिजं असतात, पण त्याचा बराच मोठा भाग सुक्रोजच, म्हणजे साखरच. मधुमेहाच्या माणसाने साखर सोडून गूळ धरला तर फरक रंगाचा.

खरी फसवणूक होते ती 'शुगर-फ्री' बिस्किटं आणि मिठाईत. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे १०० ग्रॅममध्ये साखर अर्धा ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तर हा शब्द छापता येतो. मैद्याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही, आणि मैद्याचं पोटात ग्लुकोजच होतं. काहींमध्ये माल्टिटॉल असतं. ते साखरेपेक्षा कमी, पण शुगर वाढवतं, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडवतं. पाकिटाच्या पुढचं मोठं अक्षर सोडा, मागची कार्बोहायड्रेटची ओळ वाचा. आपल्या केळीच्या मुलुखात डॉक्टरांच्या धाकाने केळं बंद करणारे लोक असे चार बिस्किटं निर्धास्त खातात!

आता या सगळ्या वादात कुणी न काढलेला मुद्दा. जो माणूस इन्सुलिन घेतो किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतो, त्याने जेवण चुकवलं, उपास धरला किंवा उन्हात शेतात जास्त राबला, तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, बोलणं अडखळतं. घरातली साखर बंद करून सगळीकडे शुगर-फ्री आणलेली असते. घाईत कुणी तीच पावडर पाण्यात ढवळून देतं, कुणी डाएट कोल्ड्रिंक आणतं. चव गोड लागते, पण शुगर वर येत नाही, आणि मोलाची मिनिटं निघून जातात.

अशा वेळी खरी साखर किंवा ग्लुकोज पावडरच हवी. तीन-चार चमचे पाण्यात द्यायची, १५ मिनिटांनी शुगर तपासायची, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आणखी एक. तुमच्या गोळ्यांच्या पट्टीवर व्होग्लिबोज किंवा अकारबोज हे नाव आहे का, ते आजच बघा. आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिन्ही एकाच गोळीत सर्रास दिली जातात. व्होग्लिबोज साखरेचं विघटन लांबवतं, त्यामुळे अशा माणसाची शुगर उतरल्यावर साधी साखरही हळू काम करते. त्याला ग्लुकोजच लागतं. गोळ्यांची डबी ज्या खिशात असते, त्याच खिशात ग्लुकोजची एक पुडीही ठेवा, आणि ती कशासाठी आहे ते घरच्यांना सांगून ठेवा.