पांडुरंग परतला, पण कशाच्या बळावर?

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्या वाचकांत दोन तट पडले आहेत. खानदेशातील सांगवीहून पुण्यास शिकावयास गेलेला पांडुरंग वडिलांचा पैसा उधळून, परीक्षेत नापास होऊन गावी परततो. एका पक्षाला तो निष्क्रिय व आत्ममग्न वाटतो; दुसऱ्या पक्षाला शहरी शिक्षणाचा पोकळपणा उघड करणारा प्रामाणिक तरुण.

बुलढाणा जिल्ह्याची मलकापूरकडील बाजू खानदेशाला लागूनच आहे. तेथील शेतकऱ्याला हा वाद केवळ साहित्यिक वाटणार नाही. मुलाच्या वसतिगृहाचा खर्च कापसाच्या चुकाऱ्यातूनच भागवावयाचा असतो. असा बाप पांडुरंगाला उधळ्या म्हणेल. वसतिगृहात एकाकी दिवस काढलेला त्याचाच मुलगा पांडुरंगात स्वतःला पाहील. दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

मात्र दोन्ही पक्षांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. पांडुरंगाला परतावयास घर होते, शेती होती, गावात वजन असलेला बाप होता. भूमिहीन मजुराचा मुलगा नापास झाला तर तो कोठे परतणार? वैफल्य दोघांचेही खरे. परंतु ते कुरवाळीत बसण्याची ऐपत एकाचीच. हा कादंबरीचा दोष नव्हे. बापाचा पैसा आणि मुलाची उधळपट्टी नेमाडे यांनी झाकून ठेवलेली नाही. हिशेब मांडावयाचा तो वाचकांनी.

कार्यकर्त्यांनी अभ्यासमंडळांतून 'कोसला' अवश्य वाचावी. पण पांडुरंग बरा की वाईट, एवढ्यावरच चर्चा थांबवू नये. नापास होऊनही जगता येण्याची सोय या समाजात किती जणांना आहे, हा प्रश्न पुढे मांडावा.