‘गॉथम’चे प्रेक्षक आणि त्यांची फिर्याद

ज्या कथेचा शेवट घरोघरी ठाऊक आहे त्या कथेचा आरंभ सांगावयास बसणे, आणि तोही असा की ज्यात नायक अद्याप बालवयात असून त्याचे वैरी मात्र तारुण्याच्या भरात आहेत, हे कोणत्याही कथाकाराच्या दृष्टीने जोखमीचे काम होय. अमेरिकेतील ‘फॉक्स’ वाहिनीने २२ सप्टेंबर २०१४ रोजी ‘गॉथम’ ही मालिका सुरू करून ही जोखीम पत्करली आणि २५ एप्रिल २०१९ रोजी शंभरावा भाग दाखवून ती निभावून नेली. बॅटमॅन या सर्वविश्रुत वीराच्या उदयापूर्वी त्याचे नगर कसे होते, हा तिचा विषय. तिचे निर्माते ब्रूनो हेलर यांच्या खाती प्राचीन रोममधील सत्तास्पर्धेवरची ‘रोम’ ही मालिका पूर्वीच जमा होती. तेव्हा एखाद्या नगराचा अधःपात रंगविण्याची विद्या त्यांना नवी नव्हती.

मालिका संपून वर्षे लोटली, तरी तिच्याविषयी प्रेक्षकांत माजलेला वाद आजही विचार करण्याजोगा आहे. कारण सुपरहिरोच्या पूर्वकाळाची काळोखी कथा सांगणाऱ्या प्रत्येक मालिकेच्या वाट्यास थोड्याफार फरकाने तोच वाद येतो, आणि त्यात प्रेक्षक दर वेळी स्वतःकडे केवळ फिर्यादीची जागा घेतो. माझे म्हणणे असे की, या प्रकरणात तो निव्वळ फिर्यादी नाही. जे घडले त्यात त्याचाही हात आहे.

पहिली तक्रार इमानाची. कॉमिक पुस्तकांत ज्यांची बॅटमॅनशी झुंज होते ते पेंग्विन, रिडलर प्रभृती खल या मालिकेत ब्रूस वेन हा शाळकरी पोर असतानाच कर्ते पुरुष झालेले. मग तो वयात येऊन मुखवटा चढवीपर्यंत ही मंडळी उताराला लागणार नाहीत काय, असा हिशेब मांडणारे प्रेक्षक थोडे नव्हते. फिश मूनी ही टोळीची नायिका तर कोणत्याच कॉमिकात नव्हती. तिला मालिकेने नव्याने जन्मास घातले. त्यात भर म्हणजे रस्त्यांवरच्या मोटारी जुन्या जमान्यातल्या आणि पात्रांच्या हाती मात्र मोबाइल, त्यामुळे काळ कोणता तेही नक्की होईना. ज्यांनी बालपणापासून ही पुस्तके जपली त्यांना हा सारा प्रकार वहिवाटीवरील अतिक्रमणासारखा वाटला, यात नवल नाही.

परंतु मूळ म्हणून ज्याचा हवाला दिला जातो ते मूळ तरी कितपत स्थिर होते? १९३९ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या सत्ताविसाव्या अंकात बॅटमॅन प्रथम अवतरला तेव्हा पोलीस आयुक्त गॉर्डन त्याच्यासमवेत होता, परंतु ज्या मातृपितृवधाच्या जखमेतून हा वीर जन्मला असे आपण मानतो, त्या वधाची हकिकत वाचकांस कळली ती त्यानंतर सहा महिन्यांनी, तेहेतिसाव्या अंकात. म्हणजे वीर आधी आला आणि त्याचे कारण मागाहून रचले गेले; त्याची पूर्वकथा ही आरंभापासूनच पश्चाद्बुद्धीची निर्मिती आहे. पुढे १९५४ साली प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतल्यावर तो सौम्य झाला, १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेत तो विनोदी झाला, १९८६ मध्ये फ्रँक मिलरच्या हाती तो पुन्हा उग्र व वृद्ध झाला. ज्या पात्राने प्रत्येक पिढीला निराळा चेहरा दाखविला, त्याच्या इतिहासाचा एकच दाखला प्रमाण धरून बाकीचे खोटे ठरविणे हे न्यायाचे नव्हे. ही तक्रार, माझ्या मते, काढून टाकण्याजोगी आहे.

दुसरी तक्रार अशी की, शेवट ठाऊक असल्याने उत्कंठा उरत नाही: गॉर्डन मरणार नाही, ब्रूस मरणार नाही, पेंग्विनही मरणार नाही, मग बंदुका कितीही झडल्या तरी काळीज हलावे कशाने? मराठी माणसाला या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. १९०७ साली खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले तेव्हा भीम कीचकाला मारणार हे न जाणणारा प्रेक्षक नाट्यगृहात एकही नसेल. तरीही लोक गर्दी करून ते पाहत होते, कारण कीचकाच्या उन्मत्त कारभारात त्यांना लॉर्ड कर्झनचा अंमल दिसत होता, आणि ज्या सरकारने १९१० साली त्या नाटकावर बंदी घातली त्यालाही तोच दिसला. ज्ञात कथेत रस उरतो तो घटनेत नव्हे, तर तिच्यातून आपल्या काळाकडे पाहता येते यात; आणि ते पाहणे निम्मे नाटककाराचे असले तरी निम्मे प्रेक्षकाचे असते. तेव्हा ‘पुढे काय होणार ते आम्हांस ठाऊक आहे’ एवढे म्हणून पूर्वकथा निकालात निघत नाही. प्रश्न एवढाच राहतो, की ‘गॉथम’जवळ दाखविण्याजोगे काही होते काय?

होते, आणि तेथेच तिसऱ्या तक्रारीचा, म्हणजे मालिका फार काळोखी व क्रूर असल्याच्या आक्षेपाचा, विचार करावा लागतो. पहिल्याच भागात वेन दांपत्याचा खून एका निरपराध इसमाच्या माथी मारला जातो. पुराव्यादाखल मोत्यांचा कंठा त्याच्या घरी बेमालूम ठेवला जातो आणि तो स्वतः पोलिसांच्या गोळीस बळी पडतो. नव्यानेच रुजू झालेला गुप्तहेर जेम्स गॉर्डन याला हे उमगते तेव्हा शहराचा अनभिषिक्त स्वामी फाल्कोन त्याच्या निष्ठेचा दाखला मागतो: ऑस्वाल्ड कॉबलपॉट नामक हस्तकाला धक्क्यावर नेऊन ठार कर. गॉर्डन गोळी हवेत झाडतो आणि त्याला पाण्यात ढकलून जीवदान देतो. पुढे कळते ते अधिक भीषण आहे: दलातील कित्येकांना असाच एकेक खून करावयास लावलेले आहे, आणि आयुक्त लोब यांच्यापाशी हाताखालच्या माणसांच्या पापांचे दप्तरच जतन केलेले आहे, ज्यायोगे कोणीही कोणाविरुद्ध तोंड उघडू शकत नाही. ज्या खात्यात प्रत्येकाचा गुन्हा हाच प्रत्येकाच्या नोकरीचा जामीन असतो, त्या खात्याचा असा नेमका छेद लोकप्रिय मालिकांत क्वचितच आढळेल.

याहून गडद प्रसंग दुसऱ्या पर्वाच्या आरंभी आहे. नोकरीतून उतरविलेला गॉर्डन आपली जागा परत मिळविण्यासाठी त्याच कॉबलपॉटच्या, म्हणजे आता पेंग्विन म्हणून प्रतिष्ठा पावलेल्या गुंडाच्या, दारी जातो. मोबदल्यात त्याची थकबाकी वसूल करावयास निघतो आणि त्या कामात एका माणसाचा जीव घेतो. पेंग्विन आयुक्तांना धमकावून राजीनामा देण्यास भाग पाडतो आणि गॉर्डन पुन्हा कायद्याचा रक्षक होतो. येथे रक्ताचा सडा नाही, कवट्यांचा खच नाही. एका प्रामाणिक माणसाने प्रामाणिक राहण्याची सोय व्हावी म्हणून केलेला एक व्यवहार आहे. खरा काळोख तो हा. क्रौर्याविषयी कुरकुर करणाऱ्या प्रेक्षकांनी छाटलेल्या अवयवांची व विचित्र मृत्यूंची मोजदाद केली, परंतु या व्यवहाराविषयी मी फारच थोड्यांना अस्वस्थ झालेले पाहिले.

आणि मालिकेने ही नस पकडून ठेवली नाही. दुसऱ्या पर्वाला ‘खलांचा उदय’ अशा अर्थाचे उपशीर्षक मिळाले आणि त्यानंतर नगराच्या कारभाराचा प्रश्न मागे पडून विक्षिप्त खलांची जत्रा पुढे आली. हे केवळ लेखकांच्या लहरीने झाले असे मला वाटत नाही. रॉबिन लॉर्ड टेलर यांचा लंगडत चालणारा, अपमान गिळून हसणारा पेंग्विन प्रेक्षकांनी पहिल्याच पर्वात डोक्यावर घेतला, आणि त्यांच्या अभिनयाचे ते योग्य मोलही होते. उलट गॉर्डनची वाग्दत्त वधू बार्बरा कीन ही साधी, घरेलू व्यक्तिरेखा असताना प्रेक्षकांना नकोशी झाली होती. तिला मातृपितृघातकी व पुढे टोळीप्रमुख केल्याबरोबर तीच लाडकी झाली. प्रेक्षकांची पसंती कोणत्या दिशेला वळली आहे हे कळण्यास याहून स्पष्ट खूण ती कोणती?

जेरोम व्हॅलेस्काचे उदाहरण तर बोलके आहे. कॅमरन मोनाहन यांनी रंगविलेला, सर्कशीत वाढलेला हा मातृघातकी तरुण म्हणजे भावी जोकर, अशी प्रेक्षकांची खात्री झाली होती; दुसऱ्या पर्वाच्या तिसऱ्याच भागात त्याचा वध झाला तेव्हा निराशेचा एकच कल्लोळ उठला. तिसऱ्या पर्वात मालिकेने त्याला पुन्हा जिवंत केले, आणि कसे, तर त्याच्या नावाने वेड्या झालेल्या भक्तांचा एक संप्रदायच नगरात निर्माण करून. एका मृत खुन्याच्या पुनरागमनाची आस धरून बसलेला तो जमाव पाहताना, लेखकांनी पडद्यावर नेमके कोणाचे चित्र काढले आहे, असा प्रश्न विचक्षण प्रेक्षकाला पडावयास हवा होता. चौथ्या पर्वात त्याला पुन्हा मारल्यावर त्याची जागा त्याच्या जुळ्या भावाला द्यावी लागली, इतकी ती मागणी अनावर होती, असे मानावयास जागा आहे.

येथे या कलाप्रकाराचा एक धर्म ध्यानात घ्यावा. कादंबरी लिहून पुरी होते आणि मग वाचकाच्या हाती येते. नाटक बसवून झाल्यावर पडदा वर जातो. परंतु वर्षाकाठी बावीस भागांचे पर्व देणारी मालिका, एक भाग दाखविला जात असता दुसरा लिहिला जात असतो अशा रीतीने चालते, आणि तिचे आयुष्य प्रेक्षकसंख्येवर अवलंबून असल्याने प्रेक्षकांची टाळी व जांभई या दोहोंची नोंद लेखकांच्या दालनात होतच असते. अशा ठिकाणी प्रेक्षक हा नकळत सहलेखक ठरतो. ज्याची टाळी खलांच्या कसरतीला पडते आणि ज्याला कारभाराच्या सडण्याची कथा संथ वाटते, त्याने मागाहून मालिका उथळ झाल्याची तक्रार करावी, यात त्याचे स्वतःचे दायित्व झाकले जाते. लेखकांची कसूर मी कमी लेखीत नाही. त्यांनी मागणीपुढे मान तुकविली हा त्यांचा दोषच. तथापि ती मागणी कोणाची होती, याचा निर्देश निवाड्यात व्हावयास हवा.

बॅटमॅन दाखविला नाही, ही तक्रार मात्र पाचही पर्वे चालू होती. अखेरच्या भागात कथा दहा वर्षे पुढे नेऊन त्या वीराचे दर्शन घडविण्यात आले. ज्याची पाच पर्वे वाट पाहिली तो वीर उंच छपरावर उभा दिसतो न दिसतो तोच मालिका संपली. पुष्कळांना हे अपुरे वाटले. मला ते योग्य वाटते, किंबहुना त्याहूनही थोडके चालले असते. कारण ज्या क्षणी तो पोशाख येतो त्या क्षणी नगराच्या रोगावरचा उपाय एका माणसाच्या बाहुबलात आहे अशी समजूत दृढ होते, आणि कारभाराविषयी कोणी काही विचारीनासे होते.

प्रेक्षकांचा आणि वाचकांचा आग्रह नेहमी असाच क्षुल्लक गोष्टींवर खर्च होतो असे मात्र नाही, आणि याचा पुरावा याच मालिकेच्या श्रेयनामावलीत आहे. बॅटमॅनचा जनक म्हणून पंचाहत्तर वर्षे एकट्या बॉब केन यांचे नाव छापले जात होते. ज्या बिल फिंगर यांनी त्याच्या कथा लिहिल्या, त्याच्या वेषाला आजचे रूप दिले, ब्रूस वेन हे त्याचे नाव आणि गॉथम हे नगराचे नाव योजिले, ते १९७४ साली या श्रेयावाचून वारले. वाचक, संशोधक व फिंगर यांचे वारस यांनी हा अन्याय दूर व्हावा म्हणून दीर्घकाळ चिकाटीने पाठपुरावा केला. अखेर सप्टेंबर २०१५ मध्ये प्रकाशकांनी फिंगर यांचे श्रेय मान्य केल्याचे जाहीर झाले, आणि ‘गॉथम’च्या दुसऱ्या पर्वापासून केन यांच्या जोडीला त्यांचेही नाव दिसू लागले. ज्या पर्वात प्रेक्षकांच्या टाळीने खलांना बळ दिले, त्याच पर्वात रसिकांच्या आग्रहाने एका विस्मृत लेखकाला न्याय मिळवून दिला.

सामर्थ्य तेच होते. फरक पडला तो ते कशासाठी वापरले यात. म्हणून प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेला मी गौण मानीत नाही, उलट तिला फार मोठे मोल देतो, आणि त्याचमुळे ती तोलूनमापून व्यक्त व्हावी असे म्हणतो. पोशाख केव्हा येणार, अमका खल परत केव्हा येणार, या मागण्या पुरविणे व्यवसायाला सोपे जाते आणि तो त्या पुरवीतच राहील. गॉर्डनने आपली नोकरी कोणत्या किमतीला परत मिळविली, हा प्रश्न मात्र प्रेक्षकांनी विचारला नाही तर तो कोणी विचारणार नाही.