दिराचा अजगर आणि माझा फ्रीज

दिवाळीला कोण येणार, किती दिवस राहणार, कुणाला गोड चालत नाही आणि कुणाला चकलीच लागते, याचा हिशेब आपण सगळ्याच जणी दसऱ्यापासून मांडत असतो. गेल्या दिवाळीआधी मात्र माझ्याकडे असा एक पाहुणा यायला निघाला होता की त्याच्या फराळाचं ऐकूनच माझ्या हातातला झारा कढईत पडला. पाहुणा होता अजगर!

त्याचं असं झालं. आमचे धाकटे भाऊजी पुण्याला असतात. नोकरीनिमित्त त्यांना वर्षभर परदेशी जायचं होतं. फोनवर म्हणाले, "वहिनी, एक छोटंसं काम आहे. माझा बॉल पायथन तेवढा सांभाळाल का? त्याचा काही त्रास नाही हो. ओरडत नाही, केस गळत नाहीत, फिरवून आणावं लागत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी एक उंदीर दिला की झालं. उंदीर गोठवलेले मिळतात, तुमच्या फ्रीजरमध्ये ठेवायचे."

माझ्या फ्रीजरमध्ये! जिथे सासूबाईंच्या नैवेद्याचा ओल्या नारळाचा चव असतो, तिथे उंदीर! एरवी उंदीर दिसला की औषध आणायला मी बाजारात धावते, आणि आता ते जपून ठेवायचे?

घरात बातमी फुटली. आमचे नववीतले चिरंजीव आनंदाने नाचायलाच लागले. हे म्हणाले, "तू बघ काय ते." (म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नकोच!) सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "दत्तगुरूंच्या चोवीस गुरूंत अजगरही आहे हो. मिळेल त्यात समाधान मानावं, हे शिकवतो तो." आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशी दारातूनच ओरडल्या, "माय वं! अजगर कोनी घरात ठेवते काय? मंग माह्यं काम सुटलं समजा, बाई!"

तुम्ही म्हणाल, त्यात विचार कसला करायचा? सरळ नाही म्हणायचं. पण ते इतकं सोपं नव्हतं. माझं बी. ए. चं शेवटचं वर्ष लग्नानंतर झालं. परीक्षेच्या दिवसांत आमच्या तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारणारे हेच भाऊजी. मी अर्धवेळ का होईना, आज शाळेत शिकवते, त्यात त्यांचाही वाटा आहे. अशा माणसाला "शी! साप?" असं म्हणून कसं झटकायचं? मी म्हटलं, "आठ दिवस द्या. मग सांगते." आणि शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून पुस्तकं आणून वाचायला बसले.

हा बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाबरला की अंगाचं वेटोळं करून चेंडूसारखा होतो, म्हणून हे नाव. लांबी साधारण तीन ते पाच फूट. विषारी नाही, स्वभावाने गरीब. इथपर्यंत भाऊजींचं सगळं खरं होतं. पण पुढे वाचलं तेव्हा कळलं, की "काही त्रास नाही" हे वाक्य, ज्याला स्वतःला घर चालवावं लागत नाही, तोच माणूस म्हणू शकतो.

सापाला आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून त्याच्या पेटीची एक बाजू ३१-३२ अंशांवर आणि दुसरी २५ ते २७ अंशांवर ठेवावी लागते. शिवाय हवेत ओलावा हवा, नाहीतर कात नीट उतरत नाही, तुकड्या-तुकड्यांनी अंगाला चिकटून राहते. आता आपला वऱ्हाडचा उन्हाळा आठवा! मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, हवा पापडासारखी कोरडी. पुन्हा डिसेंबरात मेळघाटच्या डोंगरावरून थंडी उतरते ती वेगळीच. म्हणजे उन्हाळ्यात त्याला गार ठेवा, हिवाळ्यात गरम ठेवा, आणि मध्येच वीज गेली की जीव मुठीत धरून बसा.

जेवणाचं म्हणाल, तर गोठलेला उंदीर पूर्ण सैल होऊन कोमट झाल्यावर लांब चिमट्याने द्यायचा. घरात पकडलेला चालत नाही, कारण त्याने औषध खाल्लेलं असू शकतं. कधी कधी हा प्राणी महिनोन् महिने तोंडच लावत नाही. तो उपवास साधा की दुखणं, हे आपण ओळखायचं. हाताळल्यावर दर वेळी साबणाने हात धुवायचे, कारण अशा प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हे प्राणी ठेवूच नयेत, असं डॉक्टर सांगतात.

आणि आयुष्य? सहज वीस ते तीस वर्षं! अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात तर साठी ओलांडलेल्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली. मी बोटांवर हिशेब केला. भाऊजी परदेशात रमले तर? पंचवीस वर्षांनी मी बासष्टची होईन. चिरंजीव शिकायला बाहेर गेलेले असतील. पेटीचा दिवा लागला की नाही, हे रात्री उठून कोण बघणार? हौस त्यांची आणि जागरण माझं!

चिरंजीव ऐकायला तयार नव्हते. "आई, प्रकाश आमटेंनी नाही का हेमलकशाला एवढे प्राणी सांभाळले?" मी म्हटलं, "अरे, ते प्राणी त्यांनी हौसेने विकत नव्हते आणले. शिकारीत माकडीण मेली, तिला बिलगलेलं पिल्लू त्यांनी मागून घेतलं. तिथून त्यांचं प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं. ज्याला आई नाही त्याला घर देणं वेगळं, आणि आपल्याला गंमत हवी म्हणून कुणाला घरातून उचलून आणणं वेगळं."

या हौसेपायी काय चालतं, तेही त्याला सांगितलं. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, मुंबई विमानतळावर, बिस्किटं-केकच्या पुड्यांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले होते. पुड्यांत कोंबलेला जिवंत जीव! ऐकून तो गप्प झाला.

आठव्या दिवशी मी भाऊजींना फोन केला. आधी विचारलं, "कागद आहेत?" कारण कायदा आता कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्याने सरकारकडे नोंद करावी लागते. २०२४ च्या नियमांप्रमाणे ही नोंद 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर होते. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तर तेही कळवावं लागतं. भाऊजींकडे नोंद होती, ते बरंच झालं. मग मी म्हटलं, "भाऊजी, तुमचे उपकार मी विसरले नाही. म्हणूनच खोटं 'हो' म्हणत नाही. माझ्या हातून त्याचे हाल होतील. त्याची आवड असलेल्या माणसाकडेच त्याला ठेवा."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. दिवाळीला आले नाहीत, भाऊबीजेचा फोनही नाही. सणाच्या दिवसांत मी किती वेळा पदराने डोळे पुसले, ते मलाच ठाऊक. जाण्याच्या आदल्या दिवशी मात्र फोन आला. पुण्यातच साप पाळणाऱ्या एका मित्राकडे, रीतसर कळवून, त्यांनी त्याला ठेवलं होतं. म्हणाले, "वहिनी, तुम्ही विचारलंत तेवढं मी स्वतः आणताना विचारलं नव्हतं." माझा जीव भांड्यात पडला.

गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात आमच्या ओळखीच्यांच्या संत्र्याच्या बागेत खराखुरा अजगर निघाला, आपल्या मेळघाटातला! पोरं म्हणायला लागली, ठेवून घेऊ. पण आपला देशी अजगर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पकडणं, मारणं, बाळगणं हा गुन्हा आहे आणि त्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. वनविभागाला १९२६ वर फोन केला. माणसं आली आणि त्याला अलगद पोत्यात घालून जंगलात सोडायला घेऊन गेली. चिरंजीव डोळे विस्फारून बघत होते. घरी येताना मी त्यांना सांगितलं, की अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून जवळजवळ दोन महिने बसते, आणि अंग थरथरवून त्यांना ऊब देते. तर म्हणाले, "आई, मग तिला पेटीत कसं ठेवायचं?" मला आणखी काय हवं होतं?

तर मैत्रिणींनो, तुमच्याही घरी मुलं मोबाइलवर बघून असा हट्ट धरतील, तेव्हा "शी" म्हणून त्यांना गप्प करू नका. मुलाची प्राण्यांवरची माया मोलाची असते. त्याला चार प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहायला लावा:

१. नोंदणीचा कागद आहे का? नुसती विकणाऱ्याची पावती चालत नाही.
२. रोज ऊब, ओलावा आणि सफाई कोण बघणार?
३. सापांचं दुखणं कळणारा पशुवैद्य आपल्या गावात आहे का?
४. तू शिकायला बाहेर गेलास की पुढची वीस वर्षं याचं कोण करणार?

चौथ्या प्रश्नाला "आई" असं उत्तर आलं, तर हसून नाही म्हणा. आणि आधीच आणलेला प्राणी नकोसा झाला, तर त्याला जंगलात मुळीच सोडू नका. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत लोकांनी पाळून सोडून दिलेल्या ब्रह्मी अजगरांची एवढी वाढ झाली, की तिथले मूळचे प्राणी संपत चालले आहेत. आपलं मेळघाट आपणच जपायला हवं, नाही का?

सासूबाईंचं म्हणणं मला पटलं आहे. अजगराचा गुण घ्यावा, पण अजगर घरात घेऊ नये. फ्रीजरमध्ये सध्या नारळाचा चवच आहे, बरं का!