पहाटेची धाव आणि तलावाची पाळ

साकोलीपासून भंडाऱ्यापर्यंत राष्ट्रीय महामार्गाच्या कडेने पहाटेच्या अंधारात धावणारी मुले-मुली हे दृश्य या जिल्ह्यात कोणालाही नवे नाही. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि काही सेकंदांच्या फरकाने एखाद्या घराचे भवितव्य ठरते. गावाजवळ मैदान नसले की सरावासाठी उरतो तो डांबरी रस्ता आणि मागून येणारे मालट्रक. पोट भरण्याची संधी मिळावी म्हणून आधी जीव पणाला लावावा, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसणारा नव्हे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालायला निघालेले निवृत्त शिक्षक याच कडेने चालतात. लहान मुले आणि गृहिणी मात्र बहुधा बाहेरच पडत नाहीत.

प्रौढांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे आणि मुलांनी रोज सरासरी तासभर शारीरिक हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. सल्ला फुकट मिळतो, वाटेला मात्र खर्च येतो. तो कोणी करावयाचा? चालण्याची वाट ही सार्वजनिक वस्तू होय. तिच्यावर तिकीट लावता येत नाही, म्हणून कोणी उद्योजक ती बांधणार नाही. ज्याला परवडते तो व्यायामशाळेची वर्गणी भरतो. ज्याला परवडत नाही त्याच्या वाट्याला महामार्गाची कड येते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने व क्रीडांगणे ही नगरपालिकांच्या कार्यक्षेत्रातील बाब म्हणून नोंदली गेली, ती उगाच नव्हे.

यावर आक्षेप ठरलेला आहे : आधी नळ आणि गटारे, मग फिरण्याचे चोचले. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. लहान नगरपरिषदांची तिजोरी सर्वांना ठाऊक आहे. परंतु अशा वाटेचा मोठा खर्च जागेचा आणि भरावाचा असतो, आणि तेवढा भाग भंडाऱ्याच्या पूर्वजांनी आधीच करून ठेवला आहे. हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीत कोहळी समाजाने येथे गावोगाव तलाव बांधले. शहरातही खांब तलावासारखी जलाशये आहेत. तलावाची पाळ म्हणजे जमिनीपासून उंच, रहदारीपासून दूर आणि पाण्याकाठची तयार वाट. कोल्हापूरकरांची संध्याकाळ रंकाळ्याच्या काठी जाते. भंडाऱ्याची जाऊ नये असे काय आहे?

एक सावधगिरी मात्र हवी. पाळ ही आधी पाण्याची भिंत आहे, वाट नंतर. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अतिवृष्टीत नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि खालच्या वस्त्या पाण्यात गेल्या. सुशोभीकरणाच्या नावाखाली सांडवा अडविणे किंवा पाळ खोदून खांब रोवणे म्हणजे संकटाला निमंत्रण होय. दाबलेल्या मुरमाची सपाट वाट, थोडे दिवे आणि बसायला चार बाक एवढे पुरे.

खरा प्रश्न बांधण्याचा नसून टिकविण्याचा आहे. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, ते योग्यच झाले; पण तलाव सरकारकडे गेले आणि गावाने मिळून पाळ दुरुस्त करण्याची, गाळ उपसण्याची रीत हळूहळू मागे पडली. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, अशी स्थिती झाली. सामाईक संपत्ती वापरणारे लोक स्वतःच नियम करून ती सांभाळू शकतात, हे दाखवून देणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कोहळ्यांना ही गोष्ट त्याआधी कित्येक पिढ्या ठाऊक होती.

तेव्हा नगरपरिषदेने वाट करावी, आणि तिची देखरेख चालणाऱ्यांच्याच समितीकडे सोपवावी. तीत भरतीची तयारी करणाऱ्या मुली असाव्यात, शिक्षक असावेत, तलावावर पोट असलेले मासेमार असावेत. पहाटे एखादी मुलगी घराबाहेर पडते तेव्हा तिची आई ती परत येईपर्यंत दारात उभी असते. त्या आईला निश्चिंतपणे चूल पेटविता आली, तर ही वाट कारणी लागली असे म्हणता येईल.