लहरी लोकांच्या, किल्ली कंपनीची

एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाला कुणा हितचिंतकाने आपला जुना लॅपटॉप भेट दिला. एका उत्साही तरुणाने त्यावर लिनक्स बसविले. मराठी अक्षरे उमटू लागली, ग्रंथांची यादी तयार झाली; परंतु वायफाय काही केल्या चालेना. समितीवरील एक जाणते सभासद उद्गारले, “अहो, फुकटच्या वस्तूचे असेच असायचे!” आणि लिनक्स हे सामान्यांचे काम नव्हे, असा निकाल त्या सायंकाळी लागला. हा निकाल आम्हांस मान्य नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात येथे भलताच उभा करण्यात आला आहे.

झाले होते ते असे. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा देताच यंत्राने वायफाय कार्डाचे नाव बिनचूक सांगितले. ‘आरएफकिल लिस्ट’ने सांगितले की कार्डाचे बटन बंद नाही. अखेर ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नलची नोंदवही उघडली, तेव्हा खरे कारण कळले: फर्मवेअरची फाइल सापडत नाही. बहुतेक वायफाय कार्डांत एक छोटा स्वतंत्र प्रोसेसर असतो. यंत्र सुरू होताना त्याला त्याचा कार्यक्रम पुरवावा लागतो; तो मिळाला नाही तर कार्ड म्हणजे निव्वळ धातूचा तुकडा. हा कार्यक्रम कंपनीचा. तो इतरांनी वाटण्यास तिची परवानगी नाही, म्हणून लिनक्सच्या संचात तो नाही. नेटवर जायचे तर फर्मवेअर हवे, आणि फर्मवेअर आणायचे तर नेट हवे! तरुणाने मोबाइल यूएसबीच्या वायरने जोडला, त्याचे इंटरनेट लॅपटॉपला दिले, फाइल उतरवून घेतली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. ‘एनएमसीएलआय’ने आसपासची नेटवर्के दाखविली, पासवर्ड दिला, काम झाले. प्रश्न एवढाच की, ज्या गावी असा तरुण नाही, तेथे काय?

ही अडचण निसर्गाने निर्माण केलेली नाही. ब्रॉडकॉम कंपनीच्या कार्डांचा इतिहास पाहावा. कंपनी माहिती देईना, तेव्हा काही स्वयंसेवकांनी तिच्या बंद ड्रायव्हरचे पृथक्करण करून कार्डाचे वर्णन लिहून काढले, आणि दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. २००६ मध्ये तो कर्नलच्या २.६.१७ या आवृत्तीत दाखल झाला. तरीही फर्मवेअर वाटता येईना. प्रत्येकाने कंपनीच्याच ड्रायव्हरमधून ते एका खास साधनाने कापून काढायचे! अखेर २०१० मध्ये कंपनीने आपल्या काही नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला. जे २०१० मध्ये देता आले, ते आधी देता येत नव्हते काय? इंटेलचे फर्मवेअर बंदच आहे, पण ते वाटण्यास तिने परवानगी दिली. तेवढ्याने तिची कार्डे लिनक्सवर सहसा विनासायास चालतात. म्हणजे अंतर तंत्रज्ञानाचे नसून एका कागदी परवानगीचे आहे.

याउलट घेण्याच्या वेळी हीच मंडळी किती उदार असतात! लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स वापरलेले आढळले, आणि जीपीएल परवान्याच्या अटीमुळे २००३ मध्ये त्याची स्रोतसंहिता उघड करावी लागली. त्याच संहितेतून पुढे ओपनडब्ल्यूआरटी हा लोकोपयोगी प्रकल्प उभा राहिला. लोकांचे श्रम आपले आणि आपली किल्ली मात्र आपलीच, हा न्याय कोणता?

कंपन्यांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो: फर्मवेअर खुले केल्यास कोणीही मनमानी शक्तीने, निषिद्ध लहरींवर प्रक्षेपण करील. लहरींना शिस्त हवी, हे आम्हांसही मान्य आहे. पण फाइल आहे तशी वाटू दिल्याने त्या शिस्तीला कोणती बाधा येते? कर्नलमध्ये देशवार नियमांची व्यवस्था आहेच. ‘आयएन’ हा संकेत दिला की भारताच्या मर्यादा लागू होतात. अथेरॉस कंपनीने २००८ मध्ये ‘अथ९के’ हा ड्रायव्हर खुला केला. त्यातील पीसीआय कार्डांना तर वेगळे फर्मवेअर पुरवावेच लागत नाही. म्हणून आकाश कोसळल्याचे ऐकिवात नाही.

आता थोडे आत्मपरीक्षण. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत वर्षानुवर्षे असा आग्रह होता की, बंद फर्मवेअरला अधिकृत संचात जागाच नको. तत्त्व शुद्ध होते, पण त्याची किंमत त्या वाचनालयातील वाचकाने मोजली. २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान करून आपला सामाजिक करार दुरुस्त केला, आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून वाटपाची परवानगी असलेले असे फर्मवेअर अधिकृत संचातच मिळू लागले. या निर्णयाला कोणी शरणागती म्हणोत. आम्ही तिला माघार घेऊन केलेली मोर्चेबांधणी म्हणू, मात्र पुढची मागणी सोडली नाही तरच. आणि ज्याला वाटपाची परवानगीच नाही, ते फर्मवेअर आजही या दाराबाहेरच आहे.

ही मागणी कोणाकडे करायची? सर्वात मोठ्या गिऱ्हाइकाकडे, म्हणजे सरकारकडे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. परंतु ज्या यंत्राचे वायफाय कंपनीच्या मर्जीवर चालते, त्यावर ते धोरण अर्धेच उतरते. म्हणून शाळा, वाचनालये आणि ग्रामपंचायती यांच्यासाठीच्या प्रत्येक संगणक-खरेदीत एक अट असावी: वायफाय कार्डाचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये असला पाहिजे आणि त्याचे फर्मवेअर वाटण्यास कोणालाही मुभा असली पाहिजे. या अटीला खजिन्यातून वेगळा पैसा लागत नाही. लागते ती इच्छाशक्ती.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशात २००५ मध्ये परवानामुक्त झाला. आकाश लोकांचे, लहरी लोकांच्या, पैसे देऊन घेतलेले यंत्रही लोकांचे. मग त्या यंत्राच्या कुलपाची किल्ली तेवढी परक्याच्या खिशात का? हा प्रश्न संगणक-तज्ज्ञांचा नाही, नागरिकांचा आहे. पुढच्या वेळी कोणी “फुकटच्या वस्तूचे असेच असायचे” म्हणाले, तर त्यास विचारावे: दोष फुकट देणाऱ्याचा, की विकूनही न देणाऱ्याचा?