स्वच्छ आभाळ आणि चोरल नदी

गेल्या श्रावणात मंडळाची वर्षासहल पुन्हा महूच्या बाजूला गेली. सकाळी जानापावचा डोंगर, दुपारी पाताळपाणी. हा क्रम इंदूरकरांस नवा नाही. साडेआठशे मीटर उंचीच्या त्या माथ्यावर आम्ही आठ-दहा जण पायी चढलो. (रुग्णांना नित्य चालण्याचा सल्ला देणारे निम्मे सभासद मोटारीने वर आले, याची नोंद असावी.)

माथ्यावरील कुंडात चंबळचा उगम मानतात. ते पाणी उत्तरेस यमुनेला मिळते. तेथून थोड्याच अंतरावरील चोरल मात्र दक्षिणेस विंध्याचा कडा उतरून नर्मदेला जाते. पाताळपाणी येथे ती सुमारे 300 फूट खाली कोसळते. पाऊस पडतो वरच्या पठारावर आणि लोंढा येतो धबधब्यावर. तेथे त्या वेळी लख्ख ऊनही असू शकते. 17 जुलै 2011 रोजी एकाच कुटुंबातील पाच जण असे वाहून गेले. त्यांपैकी तिघे दगावले.

हे ठाऊक असूनही आमच्यातील एक तरुण छायाचित्रासाठी प्रवाहातील खडकावर जाऊन उभा राहिला. मी हाक मारली, तेव्हा तो म्हणाला, "काका, आभाळ तर स्वच्छ आहे, घाबरता कशाला?" सगळे हसले. खरे सांगायचे तर तारुण्यात मीही त्याच खडकांवर बसून डबा खाल्ला आहे. त्यामुळे अधिक बोलण्याचा धीर झाला नाही. तो सुखरूप परतला, पण मला राहून राहून वाटत होते की, काही घडले असते तर काठावरच्या चाळीस माणसांपैकी किती जणांना काय करावे हे सुचले असते?

आपण शिबिरांतून सामान्यजनांना केवळ छाती दाबण्याचे तंत्र शिकवतो. हृदयविकाराने अकस्मात कोसळलेल्यासाठी ते योग्यच आहे. बुडालेल्याचे हृदय मात्र प्राणवायूअभावी थांबते, म्हणून त्याला प्रथम तोंडाने श्वास द्यावा लागतो आणि मग तीस दाबांमागे दोन श्वास हा क्रम चालवावा लागतो. पोट दाबून पाणी काढण्यात मोलाची मिनिटे जातात, शिवाय उलटी श्वासमार्गात शिरण्याचा धोका वाढतो. आपल्या घरांतून आजही तोच उपाय सांगितला जातो, आणि आपण डॉक्टर मंडळी तो निमूट ऐकून घेतो. हा दोष आपलाच आहे.

म्हणून कार्यकारिणीस माझी विनंती आहे. यंदा सहलीची वर्गणी घेताना त्याच दिवशी सभागृहात अर्धा तास पुतळ्यावर प्रात्यक्षिक ठेवावे, आणि सभासदांइतकेच त्यांच्या मुलांनाही बोलवावे. सहलीच्या दिवशी बसमध्ये शंभर फुटांचा दोर असावा. धबधबा कठड्याच्या अलीकडूनच पाहावा. दोर मी आणीन. त्या तरुणाला प्रात्यक्षिकाचे निमंत्रण मी आधीच दिले आहे. त्याने अजून होकार कळवलेला नाही.