छत्रीपुढचा कर्णा

जळगाव असो की धुळे, गच्चीवर फ्री डिशची छत्री दिसतेच. तिच्यापुढे दांड्यावर एलएनबी असतो. त्याच्या प्लास्टिकच्या टोपीआड छोटासा कर्णा दडलेला असतो. हाच हॉर्न अँटेना, बरं का!

रेडिओलहरीतलं विद्युतक्षेत्र उभं डोलतं किंवा आडवं. याला म्हणतात ध्रुवीकरण. सेट-टॉप बॉक्स एलएनबीला १३ व्होल्ट देतो तेव्हा उभी लहर निवडली जाते, १८ दिले की आडवी.

आता साधा चौकोनी कर्णा घ्या. लहर उभी असेल तर तिचं क्षेत्र वरपासून खालपर्यंत सारखंच भरतं. डाव्या-उजव्या भिंतींशी मात्र शून्य होतं. (धातू आपल्याला समांतर असलेलं क्षेत्र टिकूच देत नाही!) म्हणजे कर्ण्याचं तोंड जणू आडवं आखडलं. आणि तोंड जितकं अरुंद, तितकी नजर पसरट. म्हणून कर्णा आजूबाजूचं जास्त 'बघतो', वरखालचं कमी. लहर आडवी झाली की हे सगळं ९० अंशांनी उलटं!

पण छत्री तर जवळजवळ गोल. एका लहरीला ती पुरी दिसावी नि दुसरीला अर्धवट, हे कसं चालेल? म्हणून पुष्कळ कर्ण्यांच्या तोंडाशी गोल खाचा पाडतात. त्यामुळे दोन्ही बाजूंची नजर जवळपास सारखी होते.

एलएनबी तिरका का? जीसॅट-१५ उपग्रह आहे ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, जळगाव साधारण ७५.५ वर. उपग्रह आपल्या आग्नेयेला, म्हणून त्याची 'उभी' लहर इथे कलूनच पोचते. बघा जरूर, पण क्रिकेटचा सामना चालू असताना तो फिरवू नका!